पुष्पनचे चाळीस आवाज

६ जुलै, रविवार

'मुक्कुट्टी'ची बैठक झाली. आमच्या वाचनशाळेचं हे मासिक बावीस वर्षं हाताने लिहिलं जातंय आणि त्याची एकच प्रत निघते. ती कापडी पिशवीत घालून त्रेसष्ट घरं फिरते, एका घरी एक दिवस, ठरलेल्या क्रमाने. मासिक म्हणायचं, पण फिरून यायलाच दोन महिने लागतात. शेवटची काही पानं कोरी असतात, त्यांवर वाचणारे आपली मतं लिहितात. निदान सांबाराचा डाग तरी ठेवतात.

माझं 'कादंबरी, खेळ, हसू' हे सदर सर्वांत जास्त वाचलं जातं. ते पान सर्वांत मळलेलं असतं, त्यावरून कळतं. जलजा म्हणते, त्याच्या पाठीमागे लोणच्याची कृती असते म्हणून. बायकोशी वाङ्मयीन चर्चा करू नये.

दामोदरन मास्तर, म्हणजे गावाचे 'माष', संपादक. निवृत्त चित्रकला शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. सगळा मजकूर ते स्वतः उतरवतात. त्यांचं अक्षर इतकं वळणदार की माझी कडक मतंसुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसतात.

"सुगता, ओणमपर्यंत हाच अंक फिरणार. या वेळी जरा गोड लिही," माष म्हणाले.

"माष, मी वैद्यशाळेच्या दुकानात बसतो. कडू असेल तेच लागू पडतं."

"दुकानात आजारी माणसं येतात, बाबा. मासिक धडधाकट माणसंही वाचतात."

वयाचा मान ठेवून मी वही मिटली.

कादंबरी वाचून झाली. बक्षीस मिळालेली, पाचशे बारा पानं. नायक तळ्याच्या काठावर बसून जुन्या गोष्टी आठवतो. तीनशेव्या पानावर वाटलं, आता तरी पडेल. नाही पडला. शेवटी उठून घरी जातो आणि पेज पितो. आतिराने विचारलं, "अच्छन, मग पूर्ण कशाला वाचलीत?" सोळा वर्षांच्या लेकीला काय सांगणार? पूर्ण वाचल्याशिवाय नावं ठेवायचा हक्क मिळत नाही.

९ जुलै, बुधवार

संध्याकाळी वाचनशाळेच्या व्हरांड्यात पत्ते. आमच्या अठ्ठावीसच्या डावाला तोड नाही. स्मरण लागतं, हिंमत लागते, आणि हरणाऱ्याला पुढचा डाव जिंकेपर्यंत कानात फणसाच्या पानाचा डूल अडकवून बसावं लागतं. हल्लीच्या खेळांत हरलेला कोण हेच दिसत नाही.

माझा जोडीदार पुष्पन. नाव पुष्पांगदन, धंदा रिक्षाचा, कीर्ती नकलांची. आज तो बोली तोंडाने लावायची सोडून बोटांनी दाखवत होता. मला त्याची तीन बोटं दोन दिसली आणि आम्ही सपशेल हरलो. दोघांच्या कानांत डूल आले. त्याने निघताना काढला, मी विसरलो. तसाच दुकानात जाऊन दोन गिऱ्हाइकांना च्यवनप्राशाचे गुण समजावून सांगितले. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर जलजा म्हणाली, "शोभून दिसतंय. दुसऱ्या कानाचं केव्हा करणार?"

१२ जुलै, शनिवार

पुष्पनच्या अंगणात तालीम. ओणमच्या कार्यक्रमात सव्वा तासाचा खेळ दरवर्षी त्याच्या मंडळाचा असतो आणि नवी नक्कल तो आधी मला दाखवतो. तिसरीत असताना त्याने गणिताच्या बाईंचा आवाज काढून दाखवला, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. अडतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी एकदाही हसलेलो नाही. हसणाऱ्याला विनोद नीट पारखता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी खुर्ची पुसून बसतो, चष्मा स्वच्छ करतो, वही उघडतो आणि पेन्सिलीने टिपणं काढतो. सगळं अंगण लोळत असताना एका माणसाने तरी शुद्धीवर राहायला हवं.

आज दोन मांजरांचं भांडण छान रंगलं. त्या वेळी मला तहान लागली म्हणून मी विहिरीपाशी जाऊन आलो. मला नेमकी अशाच वेळी तहान लागते. जाऊन पाणी प्यायलो, थोडा खोकलो आणि परत येऊन बसलो.

"काय रे सुगता, कसं वाटलं?" पुष्पनने विचारलं.

"दुसरं मांजर पहिल्यापेक्षा वयाने लहान वाटतं. त्याचं कारण स्पष्ट होत नाही."

"लेका, तू देवळात गेलास तरी देवाला म्हणशील, उजवा हात जरा वर धर."

मंडळातली पोरं हसली. पुष्पनही हसला, पण मध्येच थांबून त्याने गरम पाणी मागवलं. हल्ली त्याला सारखं गरम पाणी लागतं. थोडं नाव झालं की माणसाला असे चोचले सुचतात. कावळाही केला नाही आज. त्याच्या चाळीस आवाजांत कावळा सर्वांत अस्सल. तो ऐकून खरे कावळे जमायचे.

त्या चाळीसांत माष आहेत, पंचायतीचा मेंबर आहे, बसचा कंडक्टर आहे, मिक्सर आहे. मी मात्र नाही. माझ्यात नक्कल करण्याजोगं काही नाही, हे त्याने मनोमन मान्य केलंय असं दिसतं. हे जलजाला सांगितलं, तर ती तोंडाला पदर लावून आत गेली. तिलाही खोकला झालाय बहुतेक.

१९ जुलै, शनिवार

कर्किडकम हा पावसाचा महिना लागल्यापासून दुकानात औषधी पेजेच्या पुड्या बांधून बोटं दुखतायत. तरी शेजारच्या गावच्या क्लबात पुष्पनचा खेळ होता म्हणून गेलो. निराशा झाली. निम्मे आवाज त्याने पोरांना वाटून टाकलेत. कंडक्टर एका पोराकडे, मेंबर दुसऱ्याकडे, आणि हा स्वतः कडेला उभा राहून हातवारे करतो. मी मोजलं. चाळीसांतले तेवीसच त्याने काढले. लोक मात्र हसत होते. लोक काय, पंखा पडला तरी हसतात.

मी घरी येऊन लिहायला बसलो. मैत्री मैत्रीच्या जागी आणि मत मताच्या जागी.

२१ जुलै, सोमवार

माष स्वतः मजकूर घ्यायला आले. वाचून बराच वेळ दारातच उभे राहिले. पाऊस लागत होता तरी आत येईनात.

"सुगता, हे मी शाईत उतरवणार. एकदा उतरवलं की खोडता येत नाही, माहीत आहे ना?"

"खोडायचं कशाला माष? खरं आहे."

"खरं आहे का ते मला माहीत नाही. पण त्रेसष्ट घरं आहेत."

मजकूर माझ्या मते उत्तम उतरलाय. इथे नोंदून ठेवतो: 'चाळीस आवाजांचा हा माणूस आता तेवीस आवाजांवर आला आहे. कावळा तर उडूनच गेला. फार टाळ्या मिळाल्या की कलावंत आळशी होतो. श्री. पुष्पांगदन यांना आळसाने पुरतं ग्रासलं आहे. आवाज जपूनच ठेवायचा असेल तर तो घरी पेटीत ठेवावा, रंगमंचावर आणू नये.'

शेवटच्या वाक्यावर मी अर्धा तास घालवला होता.

२४ जुलै, गुरुवार

अंक निघाला. पिशवी नेहमीप्रमाणे पुष्पनच्या रिक्षातून पहिल्या घरी गेली. त्याचं घर यादीत त्रेसष्टावं, म्हणजे त्याच्या हाती पडेपर्यंत ओणम होऊन जाईल. तोवर गावाचं मत तयार झालेलं असेल.

२८ जुलै, सोमवार

आतिराच्या फोनवर एक खेळ खेळून पाहिला. वरून विटा पडतात, त्या नीट रचायच्या. ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते. चुका मात्र तिथेच राहतात आणि ढीग वाढत जातो. पाचशे बारा पानांच्या त्या कादंबरीत जे नव्हतं ते या खेळात आहे. पुढच्या अंकात यावर लिहीन. सलग तीन तास खेळलो तेव्हा आतिराने फोन काढून घेतला. "अच्छन, उद्या माझी परीक्षा आहे. हा खेळ नाही, माझा फोन आहे."

पुष्पन दुकानात आला. घशाच्या गोळ्यांकडे नुसतं बोट दाखवलं. ह्या महिन्यातली तिसरी डबी. मी विचारलं, "तोंडात काय जीभ नाही?" हसला आणि निघून गेला. रागावलाय की काय? पण अंक तर त्याच्या घरी पोचलाच नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

विलासिनी आली होती, पुष्पनची बायको. मला ती चेट्टा म्हणते, म्हणजे दादा. मी सवयीने गोळ्यांची डबी पुढे केली.

"नको चेट्टा. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"त्रिशूरच्या. स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाले. बारा तारखेला काढणार. तोवर बोलायचं नाही आणि नंतर महिनाभर कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढे बोलता येईल म्हणतात. नकलांचं विचारलं, तर काहीच सांगत नाहीत." मग ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊकच असेल की. तुम्ही इतकं बारकाईने बघता."

ती गेल्यावर मी पुड्या बांधत बसलो. सात पुड्या बांधल्यावर लक्षात आलं, एकीतही औषध घातलेलं नाही. गरम पाणी, बोटांनी लावलेली बोली, पोरांना दिलेले आवाज. सगळं माझ्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे. वही वाचली आणि ती भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या लिहिण्याची शरम वाटली.

ते पान पुष्पनच्या हाती पडता कामा नये.

२ ऑगस्ट, शनिवार

दुकान बंद ठेवून अंकाच्या शोधात निघालो. यादीप्रमाणे आज तो दहाव्या घरी हवा. तिथे म्हणाले, "काल संध्याकाळीच पुढे दिला. एकच तर पान वाचायचं होतं." अकराव्या घरी म्हातारी म्हणाली, "सुगता, इतकं टोचून लिहायला तुझं पुष्पनने काय खाल्लं होतं रे?" बाराव्या घराला कुलूप. अंक सापडला चौदाव्या घरी. शिवणकाम करणारी कोच्चन्नम पायरीवर बसून तीन बायकांना माझंच पान मोठ्याने वाचून दाखवत होती.

"अय्यो, लेखकच आले! काय चेट्टा, अजून काही आठवलं वाटतं?"

मी अंक मागून घेतला. पान फाडायचं म्हणून ब्लेड खिशात होतंच. फाडण्याआधी सहज मागची कोरी पानं उघडली. मतं आली होती. 'पुष्पन आळशी? माझ्या बाळंतपणाला पहाटे चार वाजता रिक्षा घेऊन आला होता.' 'सुगतन चेट्टांनी कावळा करून दाखवावा.' त्याखाली अंगठ्याएवढे चारपाच डाग. आणि सगळ्यांच्या वर, पानाच्या पहिल्याच ओळीत, २४ जुलै तारीख घालून लिहिलं होतं: 'मत पटलं. कावळा आता खरंच जमत नाही. पुष्पांगदन.'

पिशवी त्याच्या रिक्षातून जाते. अकरा वर्षं जातेय. ती रिक्षात बसल्याबरोबर अंकाचा पहिला वाचक तोच असतो, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. आपल्याविरुद्धचं पान वाचून, त्यावर सही करून, त्याने ते स्वतः घरोघर पोचवलं.

ब्लेड खिशातच राहिलं. मी कोच्चन्नमच्या पायरीवर बसलो. तिने न विचारता काळा चहा आणून दिला.

३ ऑगस्ट, रविवार

पुष्पनकडे गेलो. त्याच्या गळ्यात पाटी लटकत होती, पोरांची असते तशी. मी रस्त्याने चार वाक्यं तयार केली होती.

"मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणालो.

त्याने लिहिलं: 'मी सांगितलं नव्हतं.'

"का नाही सांगितलंस?"

'तू लिहून ठेवलं असतंस.'

"पुष्पा, ते शेवटचं वाक्य तरी… पेटीचं. ते मी मागे घेतो."

त्याने पाटी पुसली. 'तेच सर्वांत चांगलं होतं.'

विलासिनी दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता ही मला हाकलणार, तर ती म्हणाली, "चेट्टा, जेवूनच जा." हाकललं असतं तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ऑपरेशन झालं. पुष्पन घरी आला. आज त्याने माइक, आवाजाची पेटी आणि कपड्यांची ट्रंक रिक्षात घालून वाचनशाळेत आणून ठेवली. पाटीवर माषना लिहून दाखवलं: 'ओणमला दुसरं मंडळ बोलवा. आमचं संपलं.' माषनी कपाटाची किल्ली काढून दिली.

मी तिथेच पेपर वाचत होतो. अक्षरं दिसत नव्हती, चष्मा धुरकट झाला असावा. पुष्पन कधी स्टेजवर नसेल, ही कल्पना माझ्याने करवत नाही. चांगला आहे, वाईट आहे, ते नंतर. तो समोर उभाच नसेल तर मी कुणापुढे बसू?

१८ ऑगस्ट, सोमवार

रोज संध्याकाळी पुष्पनकडे जाऊन त्याला कादंबरी वाचून दाखवायची असं ठरवलंय. डॉक्टरांनी त्याला मोठ्याने हसायलाही मनाई केलीय, म्हणून मुद्दाम रहस्यकथा निवडली. खुनी कोण ते मला नवव्या पानावर कळलं. लेखकाने कुठे कुठे चूक केली हे मी मधूनमधून थांबून समजावून सांगतो. पुष्पन माझ्याकडे टक लावून पाहत असतो, डोळ्याची पापणी लवत नाही. इतका एकाग्र श्रोता मला आजवर मिळाला नव्हता. आज त्याने पाटीवर काहीतरी काढलं आणि घाईघाईने पुसलं.

"काय काढलंस?"

'नायक,' त्याने लिहिलं.

विलासिनी चूल फुंकते म्हणून गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्यांच्याकडे तर गॅस आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

माझा निळ्या चौकड्यांचा सदरा सापडत नाही. जुना चष्माही जागेवर नाही. जलजाला विचारलं तर म्हणाली, "उंदरांनी नेलं असेल."

"चष्मा उंदराला कशाला?"

"तुमची पुस्तकं कुरतडायची तर चष्मा नको?"

आतिरा परीक्षा झाल्यावरही 'अभ्यासाला' म्हणून पुष्पनकडे जाते. तिथून येते ती लालबुंद चेहऱ्याने, माझ्याकडे न बघता थेट आपल्या खोलीत. या वयात पोरं विचित्रच वागतात.

पत्त्यांत पुष्पन नाही म्हणून मेंबरला जोडीदार घेतलं. लागोपाठ पाच डाव हरलो. कानाची पाळी दुखतेय.

३० ऑगस्ट, शनिवार

अत्तम, म्हणजे ओणमचा पहिला दिवस, झाला, दारोदार फुलांच्या रांगोळ्या सुरू झाल्या. वाचनशाळेत ओणमच्या कार्यक्रमाची यादी लागली. रस्सीखेच, मडकी फोडणे, तिरुवातिरा नाच, आणि सातव्या क्रमांकावर: 'पुष्पांगदन आणि मंडळ, न बोलता.'

आवाजावर जगलेला माणूस आवाजाशिवाय काय करणार? लोक कीव करून टाळ्या वाजवतील, आणि ती कीव पुष्पनला समजेल. मग तो पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. मूकनाट्य या विषयावर मी वाचलेलं सगळं आठवून अकरा सूचना कागदावर लिहिल्या आणि त्याला नेऊन दिल्या. 'प्रेक्षकाच्या भावनांचा आदर राखावा' ही सातवी. त्याने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि लिहिलं: 'फार उपयोगी पडेल.'

निदान मी काही कामाला आलो.

६ सप्टेंबर, शनिवार

काल तिरुवोणम, ओणमचा मुख्य दिवस, आज कार्यक्रम. शाळेच्या मैदानात चारशे माणूस. मी पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीवर. देवाशपथ सांगतो, वही उलटी उघडली होती.

पडदा उघडला. स्टेजवर दोन रांगांत मंडळातली पोरं बसलेली, जणू एखादा विनोदी खेळ बघतायत. मग पुष्पन एक माणूस बनून आला. खुर्ची रुमालाने पुसली. बसला. उठून खुर्चीची पाठही पुसली. चष्म्यावर वाफ सोडून तो पुसला, दिव्याकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. पहिल्याच मिनिटाला मागच्या चारशे माणसांत असा काही हशा उसळला की मला वाटलं मांडव कोसळला. माणसाने अंगात निळ्या चौकड्यांचा सदरा घातला होता, अगदी माझ्या हरवलेल्या सदऱ्यासारखा. सहकारी भांडारात गेल्या वर्षी त्या कापडाचे तागेच्या तागे आले होते, अर्ध्या गावाकडे तो आहे.

पोरं खदाखदा हसायला लागली की हा घड्याळ बघायचा आणि काहीतरी टिपून घ्यायचा. एक पोरगा हसता हसता खुर्चीवरून पडला, तर याने त्याच्याकडे बघून मान हलवली आणि लिहिलं. आणि मग त्याच्याच ओठांचा उजवा कोपरा हलू लागला. त्याने तो चिमटीत धरून खाली ओढला. हसू डावीकडे गेलं. डावीकडे पकडलं, तर ते गालात शिरलं. त्याने पेन्सिल दातांत आडवी धरली. खांदे हलायला लागले. शेवटी तो ताठ उठला, घसा धरून तहान लागल्याची खूण केली आणि कोपऱ्यातल्या कळशीपाशी गेला. तिथे आमच्याकडे पाठ करून त्याने जे काही केलं ते लिहून सांगता येणार नाही. पाठ हसत होती. कमरेच्या मुंडूची गाठ हसत होती. मग तो वळला, चेहरा दगडासारखा, कानात फणसाच्या पानाचा डूल, आणि येऊन खुर्ची पुन्हा पुसायला लागला.

तिथे मी हसलो.

थांबवता आलं नाही. मोठ्याने, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत हसलो. वही मातीत पडली. पुष्पन स्टेजवर रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मागे सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. का कोण जाणे, बरेच जण स्टेजकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

घरी येताना मी जलजाला म्हटलं, "पात्र जरा जास्तच रंगवलं होतं. असा माणूस कुठे असतो? पण एक सांगतो, मला त्याची दया आली. इतकं आतून हसू येतंय आणि बिचाऱ्याला चारचौघांत हसता येत नाही."

जलजा रस्त्यातच थांबली. "सुगतेट्टा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय कळायचंय?"

तिने माझा हात धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली, रस्त्यात कधी धरला नव्हता. "काही नाही," म्हणाली. "चला, पायसम उरलंय."

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी पुष्पनकडे गेलो. तो अंगणात रिक्षा धूत होता. पाटी गळ्यातच.

"पुष्पा, आजवर तुझ्याबद्दल लिहिलेलं सगळं बाजूला ठेव," मी म्हणालो. "कालचं काम पहिल्या प्रतीचं होतं. फक्त एक शंका आहे. तो माणूस कोण? कुठे पाहिलास?"

त्याने हात पुसले आणि लिहिलं: 'तिसरीपासून शेजारी बसतो.'

मी आठवून पाहिलं. तिसरीत पुष्पन खिडकीखालच्या बाकावर, कडेला बसायचा. त्याच्या एका बाजूला भिंत होती.

दुसऱ्या बाजूला मी.

कान गरम झाले. सदरा, चष्मा, आतिराचा अभ्यास, चूल फुंकणारी विलासिनी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. अख्ख्या गावाला माहीत होतं. चारशे माणसांदेखत मी माझ्याच नकलेवर गडबडा लोळलो होतो आणि वर त्याची कीवही केली होती. मी तोंड उघडलं. पहिलं वाक्य तयार होतं, चांगलं धारदार होतं.

पुष्पनने पाटी पुसली. लिहायला त्याला वेळ लागला, कारण त्याला नीट दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते. मग त्याने पाटी माझ्यासमोर धरली.

'अडतीस वर्षांनी तू समोर हसलास. आता आवाज नाही आला तरी चालेल.'

माझं वाक्य कुठे गेलं ते मला माहीत नाही. मी त्याच्या गळ्यातली पाटी ओढून घेतली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसून टाकली. "नाही चालणार," मी ओरडलो. शेजारचे कुंपणावरून बघायला लागले. "तुला चालेल रे, मला नाही चालणार! एकदा हसलो म्हणून तुझी सुटका झाली असं समजू नकोस. मला अजून खूप हसायचंय, गाढवा."

तो आवाज न करता हसत होता, खांदे हलवत, माझ्यासारखाच. विलासिनी आतून दोन पेले चहा घेऊन आली आणि आमच्या दोघांचे चेहरे बघून पेले पायरीवर ठेवून परत गेली.

डॉक्टरांची तपासणी सोळा तारखेला आहे. दुकान बंद ठेवून मी बरोबर जाणार आहे. त्याला बोलता येत नाही, तर डॉक्टरांना विचारायचं ते मी विचारीन.